एप्रिलच्या काचेतला निळा

मित्रांनो, मी फायबरचा पुतळा आहे. बिबवेवाडीतल्या एका कपड्यांच्या दुकानात मी बारा वर्षं काचेआड उभा होतो. आता जिन्याखाली पडून आहे. धूळ बसली त्याचं काही नाही, पण एक दिवस आठवला की अजून संताप होतो.

आमच्याकडे दर मोसमाला मुख्य कार्यालयातून रंगांचा तक्ता यायचा. उन्हाळ्यात पिस्ता, दिवाळीत राणी आणि सोनेरी. काच सजवणारी निकिता त्या रंगांनी मला नटवायची. एकेक निरी टाचणीने अशी बसवायची, की जाणारी माणसं थांबून कौतुक करत.

गेल्या एप्रिलमध्ये तिने तक्ता बाजूला ठेवला. भीमजयंती आठवड्यावर आली होती. तिने मला निळ्या काठांची पांढरीशुभ्र साडी नेसवली. मार्केट यार्डात कांदे निवडणाऱ्या सुंदराबाई काचेसमोर थबकल्या आणि आत आल्या.

"किती वर्षं इथून जाते, बाळा. जयंतीचा रंग पहिल्यांदाच दिसला. हीच साडी दे."

तेवढ्यात मॅनेजर बद्रीनाथ आले. "निकिता, कोणाला विचारून लावलं हे? एप्रिलच्या तक्त्यात निळा नाही."

"सर, सणाचे रंग दिवाळीत चालतात ना?"

"ठरावीक लोकांचं दुकान वाटायला नको आपलं."

"ठरावीक म्हणजे कोण, सर? स्पष्ट बोला."

ते तडक काचेत चढले आणि सगळ्यांदेखत त्यांनी साडी ओढून काढली. माझा हात खांद्यातून निखळला. मी उघडा पडलो, पण लाज मला वाटली नाही. ज्याला वाटायला हवी होती, तो साडी बोळा करून उभा होता!

निकिताने ती साडी घेतली, नीट घडी घालून सुंदराबाईंपुढे धरली.

"नको बाळा," त्या म्हणाल्या. "असं ओढून काढलेलं मी जयंतीला नेसत नाही."

निकिताने गळ्यातलं ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. "उद्यापासून काच तुम्हीच सजवा, सर," म्हणाली आणि सुंदराबाईंचा हात धरून बाहेर पडली.

जूनमध्ये तक्त्यात 'मॉन्सून ब्लू' आला. तीच साडी बद्रीनाथांनी नव्या पुतळ्याला स्वतः नेसवली. आता तो रंग कोणाचाच नव्हता, म्हणून चालला.

मित्रांनो, पुतळे पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. ज्या काचेत तुमच्या शेजाऱ्याचा रंग चालत नाही, त्या दुकानात जा आणि मोठ्याने विचारा, का चालत नाही? उत्तर मिळेपर्यंत हलू नका.