अक्षतांखालची पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी सूर काढायचे, अशी माझी रचना. एका कारागिराने मला सागवानात घडवले, आणि पुढे वीस वर्षे मी एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले. पडदा वर जाण्याआधी प्रेक्षकांना माझा सूर ऐकू येई. कंपनी मोडल्यावर मालकांनी मला भिवंडीतल्या एका वाचनालयाला भेट दिले.

येथे माझा अतिशय आदर झाला. आदर ही फार सोयीची गोष्ट आहे. तो केला की आणखी काही करावे लागत नाही. दरवर्षी खंडेनवमीला कार्यवाह तात्या माझे झाकण उघडत, हळद-कुंकू वाहत, मूठभर अक्षता टाकत, हात जोडत आणि झाकण लावत. वाजवण्याची मात्र सर्वांना मनाई होती. मी ऐतिहासिक वस्तू होते ना.

१९८७ साली माधवी नावाच्या शिक्षिकेने अर्ज केला. तिला मुलींसाठी गाण्याचा वर्ग काढायचा होता. शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद असतात, खडखडाट थांबतो आणि सूर ऐकू येतो. तेवढा एक दिवस पेटी मिळावी, इतकेच तिचे मागणे. समितीने अर्ज दप्तरी दाखल केला आणि मला काचेच्या कपाटात ठेवण्याचा ठराव केला. तत्पूर्वी एक समारंभ व्हायचा होता. संगीत नाटकांना चाली देणाऱ्या नीलाबाई व्याख्यान आणि गायनासाठी येणार होत्या. 'पेटीचे अखेरचे वादन' असे तात्यांनी पत्रिकेत छापले. मला काचेआड जायचे नव्हते; पण पेटीला अर्जही करता येत नाही.

शुक्रवारी दुपारी सभागृह भरले. तात्या वारशाबद्दल पाऊण तास बोलले. मग नीलाबाईंनी माझ्यावर बोटे ठेवली. पट्ट्या दबल्या, भाता हलला, आणि एक दमेकरी उसासा तेवढा बाहेर आला.

"हिला शेवटचं कोणी वाजवलं?" नीलाबाईंनी विचारले.

तात्या म्हणाले, "वाजवत नाही बाई. आम्ही तिची पूजा करतो."

वाचनालयाचा शिपाई, शेलार गावचा दामू, दाराशी उभा होता. तो म्हणाला, "बाय, आतमदी तांदूल हाय. दरसाल पडतो. मी बोललो व्हतो, पन माझं कोन ऐकतंय."

"ऐकतेय मी. पेचकस आण."

व्याख्यान तसेच राहिले, किंवा तेव्हाच सुरू झाले. नीलाबाईंनी माझी फळी उतरवली आणि सूर देणारी एकेक पितळी जीभ काढून कुंकू पुसले. दामू तांदूळ वेचत होता. "दुपारच्या भाताचं झालं तात्या," असे कोणीतरी म्हणाले आणि सभागृह हसले. तात्या हसले नाहीत. हात चालू ठेवून बाई सांगत होत्या, की चाल आकाशातून पडत नाही. समोर जो गळा आणि जे वाद्य असते, त्यांना काय येते आणि काय येत नाही, हे पाहून ती बांधावी लागते.

सारे बसवून झाले तरी मधल्या सप्तकातले गंधार आणि निषाद मुकेच राहिले. ते गंजले होते.

"गंधार नाही, निषाद नाही," बाई म्हणाल्या. "मग आज राग दुर्गा, त्यात हे दोन्ही लागत नाहीत. कोणीतरी एक ओळ द्या."

माधवी उठली. "उघड खिडकी, वारा उभा दारी."

"ओळ दिलीत तर आता गायचंही तुम्हीच."

माझ्या उरल्यासुरल्या पाच सुरांवर चाल बांधली गेली. तीनदा मोडली, चौथ्यांदा उभी राहिली. माधवी गायली. तिच्या मागून मी घोगरी, पण खरी वाजले.

टाळ्या थांबल्यावर नीलाबाईंनी विचारले, "मुलींचा वर्ग कधीपासून?"

तात्या म्हणाले, "काचेच्या कपाटाचा ठराव झालाय."

"मग कपाटात ठराव ठेवा."

"समितीपुढे आणावं लागेल."

"समिती पहिल्या रांगेत बसलीय. हात वर करा म्हणावं."

हात वर गेले. तात्यांनी दामूच्या ओंजळीतल्या पिवळ्या तांदळाकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांचाही हात वर गेला. सर्वांत शेवटी, पण गेला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुलूपबंद कपाटात एखादा तबला, एखादी दुर्बीण असेल. 'हात लावू नका' अशी पाटीही असेल. ती वस्तू वापरण्यासाठी मागा. नकार मिळाला तर कारण विचारा आणि पुन्हा मागा. वापराने आम्ही झिजतो, हे खरे आहे. पण झिजलेली वस्तू दुरुस्त करता येते.

पुढच्या शुक्रवारी सात मुली आल्या. अंजूर गावची गोदू सर्वांत पुढे बसली. तिने चार बोटे एकदम दाबली आणि फार बेसूर आवाज निघाला. माधवी म्हणाली, "असू दे. पुन्हा."