काळ्या गाडीवरचे खारे डाग

माझी आई शालू कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही. दांडीच्या किनाऱ्याला होडी लागली की विहिरीच्या पाण्याने धुवून काढायची, हा आमच्या घरचा नेम. होडी घरची असो की पाहुण्याची. आणि गेल्या रविवारी तिच्या दारात जावयाची काळी कुळकुळीत गाडी लागली होती. मग ती गप्प बसेल होय?

आम्ही जेवून आडवे झालो होतो. भर दुपारी बाहेर कळशा ओतल्याचा आवाज आला म्हणून मी दारात गेले. आई पदर खोचून तापलेल्या बॉनेटवर विहिरीचं पाणी ओतत होती. समोरच्या ओट्यावर मोनाली उभी होती. आम्ही एकाच वर्गातल्या. तिच्या नवऱ्याने गाडी घेतली तेव्हापासून ती माझ्याशी जरा मान तिरकी करूनच बोलते.

"बघ गो मोनाली, आमच्या धीरजची गाडी," आई म्हणाली. "तोंड दिसतंय बघ तिच्यात!"

तेव्हाच आईच्या हातातली कळशी काढून घ्यायला हवी होती. पण मोनालीचा चेहरा असा काही उतरला होता की मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. मी तशीच आत आले आणि नवऱ्याशेजारी लवंडले.

गाडी आमची नव्हती. बोईसरच्या एका कारखानदार शेठची होती आणि धीरज त्यांचा ड्रायव्हर. "जावई कंपनीत हाय" एवढंच आईला लग्नात कळलेलं. पुढचं मी जोडलं. गाडी घेतली असं फोनवर मीच सांगून टाकलं, आणि एकदा सांगितल्यावर ती दाखवणं आलंच. शेठ सुरतला गेले होते, संध्याकाळी सातच्या ट्रेनने परतणार होते. तोवर गाडी बोईसरजवळ सरावलीत, आम्ही राहतो त्या खोलीजवळ उभी राहायची होती. धीरज नाही नाही म्हणत होता. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले, तेव्हा कुठे निघाला बिचारा.

त्या दुपारी धीरज उठून बाहेर गेला आणि नुसता "अरे देवा" म्हणाला. मी धावले. गाडी वाळली होती. छतावर, बॉनेटवर, दारांवर पांढरे ठिपके उमटले होते, कुणी तांदळाचं पीठ कालवून शिंपडल्यासारखे. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही. ते भर उन्हात काळ्या रंगावर सुकलेलं.

"आई, पुसली नाही का?" धीरजने विचारलं.

"होडी कोण पुसतं?" आई म्हणाली. मग तिलाही डाग दिसले. "आगो बाय! थांबा, घासते." ती काथ्या घेऊन आली.

"हात लावू नका!" धीरज ओरडला.

आई जागच्या जागी थिजली. लग्नाला दोन वर्षं झाली, धीरजचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. समोर मोनाली अजून उभी होती. आता तिची मान पुन्हा तिरकी झालेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धीरज लगेच वरमला. "माफ करा, आई. काथ्याने ओरखडे पडतात. मग ते कशानेच निघत नाहीत."

गाडी त्याने सुरूच्या सावलीत घेतली आणि पत्रा थंड होऊ दिला. मला नाक्यावरच्या मंच्युरियनवाल्याकडे पिटाळलं, व्हिनेगर आणायला. ते त्याने विकतच्या जारच्या पाण्यात निम्मंनिम्मं केलं. त्यात फडकं भिजवून डागांवर नुसतं ठेवायचं, घासायचं नाही. क्षार सुटला की चांगल्या पाण्याने धुवायचं आणि थेंब सुकायच्या आत मऊ कापडाने टिपून घ्यायचं. एक दार पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. शेठकडे तो रोज उजाडायच्या आत अशीच गाडी धुतो. कधी विचारलं होतं मी त्याला? कशी धुतोस, हात दुखतात का? त्याचा गणवेशसुद्धा मी खोलीच्या आत वाळत घालते, शेजारणींना दिसायला नको म्हणून.

दारं स्वच्छ निघाली, छत निघालं. बॉनेट काही निघेना. पांढरं गेलं, पण जिथे जिथे थेंब सुकला होता तिथे रंगात फिकट कडं राहिलं. धीरजने तीनदा फडकं ठेवून पाहिलं.

"ऊन होतं, त्यात पत्रा तापलेला," तो म्हणाला. "हे आत शिरलंय. याला मशीनने पॉलिशच करावं लागेल."

"राहू द्या की," आई म्हणाली. "आपलीच गाडी हाय. चार डाग बरेच, नजर लागायची नाय."

धीरजने माझ्याकडे पाहिलं. तू सांग, असं. मी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले.

"आई, गाडी शेठची आहे," शेवटी तोच म्हणाला. "मी ड्रायव्हर आहे त्यांचा. आज विचारून आणली नाही. हे बघितलं तर कदाचित कामावरून काढतील."

आता आई मला फाडून खाणार, असं मला वाटलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं फक्त. शिव्या परवडल्या असत्या.

"मंग मी लोकांची वस्तू नासवली की," ती म्हणाली. "चला. मी येते तुमच्यासंगती."

"तू कशाला, आये?" मी म्हटलं.

"धुतली कोणी? मी ना? मंग सांगणार कोण?"

लुगडं बदलून ती निघाली. हातात पापलेटची पिशवी. ते लोक मासे खात नाहीत असं धीरजने सांगितलं, तर म्हणाली, "मंग जगतात कशावर?" आणि पिशवी परत ठेवून आली. वाटेत आई मागच्या सीटवर अवघडून कडेला बसली होती. सकाळी तीच त्या सीटवर हात फिरवून बघत होती.

बोईसरच्या बंगल्यावर जागृतीभाभी, शेठची बायको, बागेतच होत्या. धीरज गाडीतून उतरून खाली मान घालून उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली आणि हात जोडले. तिची हिंदी बाजारापुरती, पण आवाज किनाऱ्यावरचा.

"भाभी, गाडी मैंने धोया. खारा पानी से. मैं ड्रायवर की सासू. इसको कुछ मत बोलो, चूक मेरा है."

'ड्रायवर की सासू' असं ती जावयाचं नाव घ्यावं तितक्या मोकळेपणाने म्हणाली. शेजारच्या बंगल्यातला माळीसुद्धा वळून बघायला लागला. मी फाटकाआड सरकले.

भाभींनी बॉनेटवरून बोट फिरवलं. "सेठ से मैं बात कर लूँगी. कल पॉलिश करवा लेना," त्या म्हणाल्या. "पर धीरज, गाड़ी गाँव क्यों ले गया? बिना पूछे?"

"गलती हो गई, भाभी. मेरा ही मन था," धीरज म्हणाला.

माझं नाव त्याने घेतलं नाही.

भाभी जायला वळल्या आणि फाटकाआड त्यांना मी दिसले. "और ये कौन है?"

आई माझ्याकडे बघत होती. धीरजही बघत होता. 'धीरजची बायको', एवढं दोन शब्दांचं उत्तर, आणि दोघांनीही ते माझ्यासाठी मोकळं सोडलं होतं.

"मैं इनकी बेटी," मी आईकडे बोट दाखवून म्हणाले.

"अच्छा," म्हणून भाभी आत गेल्या. धीरजने डिकीतून कापड काढलं आणि तो पुन्हा बॉनेट पुसायला लागला, आमच्याकडे पाठ करून.