दोन्ही प्रोसेसरवर चालतं

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चारुलता आपटे आणि वीरधवल पाटील यांची छोटी कंपनी होती. दोघं कॉलेजात एकत्र शिकलेली. ती अभ्यासात बुडालेली, तो चार माणसांत मिसळणारा. तिच्या घरी त्याच्यासाठी वेगळं ताट वाढावं लागत नसे, तो स्वतःच वाढून घ्यायचा.

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायचे, असं सॉफ्टवेअर ते बनवत. आतल्या या संगणकांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. असं मशीन काम न थांबवता एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेता येतं. अडचण येते ती प्रोसेसरची. प्रोसेसर बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन; त्यांच्या प्रोसेसरना बहुतेक आज्ञा सारख्याच कळतात, पण काही एकालाच कळतात. मशीन सुरू होताना प्रोसेसरला काय काय येतं ते विचारून घेतं आणि त्या भरवशावर काम करतं. मग त्याला दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर नेलं आणि नेमकी ती आज्ञा तिथं नसली, की ते कोसळतं.

चारुलतानं यावर उपाय काढला होता. दोन्ही बनावटींना येतात तेवढ्याच आज्ञा ती मशीनला दाखवायची. शिवाय हलवण्याआधी एक तपासणी ठेवली होती. मेळ बसत नसेल तर ही तपासणी मशीनला हलूच द्यायची नाही. यात वेग थोडा मार खायचा आणि वीरधवलला ते खुपायचं. पण तिच्यासमोर तो कधी फार बोलला नाही.

आष्ट्याच्या पुढं एका खाजगी साखर कारखान्यानं हे सॉफ्टवेअर घेतलं. तिथला संगणक विभाग जोतिबा माने बघायचे. त्यांच्याकडं जुनं यंत्र एका बनावटीचं होतं आणि नवं दुसऱ्या. त्यांनी चारुलताला स्पष्ट विचारलं आणि तिनंही समोर बसून शब्द दिला की दोन्ही प्रोसेसरवर चालतं.

त्या हिवाळ्यात वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती साताऱ्याला आईवडिलांकडं गेली. त्याच सुमारास पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची माणसं सॉफ्टवेअर बघायला येणार होती. वीरधवलनं फोनवर सांगितलं की किरकोळ दुरुस्त्या करून नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली आहे, तू बाबांकडं बघ. तिला बरं वाटलं. इतकी काळजी करणारा भागीदार कुणाला मिळतो, असं ती आईला म्हणालीसुद्धा.

ती परतली त्याच आठवड्यात जोतिबांचा फोन आला. कारखान्याचा वजनकाटा बंद पडला होता. ती लॅपटॉप घेऊन तशीच निघाली. कारखान्याच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत उसाचे ट्रॅक्टर उभे होते, आणि चालक ट्रॉल्यांच्या सावलीला बसले होते. ऊस उन्हात वाळत होता.

जोतिबांनी तिला खुर्ची दिली, पण नेहमीसारखा चहा मागवला नाही. जुनं यंत्र साफ करायचं म्हणून त्यांनी काट्याचं काम बघणारं व्हर्च्युअल मशीन नव्यावर हलवलं होतं. हलवायला हरकत नाही, असं पडद्यावर आलं, म्हणूनच हलवलं. मग ते थांबून म्हणाले, "वीरधवलसायबांचा फोन आलता. तुमच्या भागात चूक ऱ्हायली म्हनाले."

तिनं लॅपटॉप जोडला. सॉफ्टवेअर उघडलं आणि आपला भाग वाचायला लागली. मशीनला आता यंत्रातल्या सगळ्याच आज्ञा दाखवल्या जात होत्या. तिचा उपाय काढून टाकला होता. तपासणी जागेवर होती, पण कुठल्याही यंत्राला ती होच म्हणत होती. हे चुकून होणारं नव्हतं. कंपनीत हा भाग समजणारा तिच्याखेरीज एकच माणूस होता, कारण तिनंच तो त्याला शेजारी बसवून शिकवला होता.

आधी तिनं काटा सुरू करून दिला. जुनी आवृत्ती घालून मशीन नव्यानं उठवलं. बाहेर पहिली ट्रॉली काट्यावर चढली, तेव्हा तिनं जोतिबांना खरं काय ते सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "आसंल बी," ते म्हणाले. "पर ताई, तुमी दोगं आमाला एकच वाटायचा. आता कुनाचं खरं धरायचं?"

दुपारी ती सांगलीला पोचली तेव्हा वीरधवल हसतमुख होता. पुण्याचं काम मिळालं होतं. तिनं विचारल्यावर त्यानं नाकारलं नाही. पाहुण्यांना वेग दाखवायचा होता, तोही ग्राहकांकडं चालू असलेल्या आवृत्तीवर, आणि तपासणी आडवी येत होती, म्हणाला. कारखान्याकडं दोन बनावटींची यंत्रं आहेत हे त्याला ठाऊक होतं.

"मशीन असं कितीदा हलवणार होते ते?" तो म्हणाला. "नंतर सगळं परत घालणारच होतो मी."

"आणि जोतिबांना माझं नाव का सांगितलंस?"

तो खिडकीकडं गेला. "पुण्याशी बोलणारा मी आहे, चारू. माझं नाव खराब झालं तर कंपनीच जाईल. तुझ्यावर कोण रागावणार होतं?"

हे तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. आपण काही वाईट बोललो, हे त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं, आणि तिला तेच सहन झालं नाही. यंत्राला फसवलं ते एक वेळ तिनं भांडून मिटवलं असतं. पण तिच्या भलेपणाचा हिशेब करून त्यानं तिला पुढं केलं होतं. इतकी वर्षं आपण ज्याला विश्वास समजत होतो, तो त्याच्या लेखी सोयीचा भाग होता, हे तिला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं.

तिनं कंपनी सोडली. तिनं लिहिलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं होतं; ते तिथंच राहिलं. साताऱ्यात घरच्याच एका खोलीत तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. या खेपेला आधी तपासणी लिहिली.

पुढचा हंगाम सुरू होताना तिनं जोतिबांना फोन केला. ते नीट बोलले, वडिलांच्या डोळ्यांची चौकशी केली. कारखान्यानं आता दोन्ही यंत्रं एकाच बनावटीची घेतली होती, सॉफ्टवेअरही दुसरीकडून. तिनं नवं काम कुठवर आलंय ते सांगितलं, आणि तयार झाल्यावर दाखवायला येऊ का, असं विचारलं.

"या की कवा बी, च्या प्यायला," जोतिबा म्हणाले. "पर ते दाखवायला नगा आनू."

वीरधवलवर तिला रागावता येत होतं. जोतिबांवर येईना.