भस्माखालचा दिवा

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. अंबाजोगाईच्या एका व्हिडिओ स्टुडिओत, टेबलाखाली माझी जागा आहे. माझ्या पोटात पाच हार्ड डिस्क आहेत आणि कॅमेऱ्यातून आलेलं सगळं चित्रीकरण त्यांच्यात राहतं. स्टुडिओत मला नुसतं ‘स्टोरेज’ म्हणतात.

माझे भाग कुठे कुठे घडले ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर आले तेव्हा स्टुडिओचे मालक वीरेश यांनी स्वतःच्या हातांनी एकेक डिस्क माझ्यात बसवली. प्रत्येकीपुढे एक बारीक हिरवा दिवा लागला. “आता गिऱ्हाइकाच्या कामाची चिंता मिटली,” ते आईला म्हणाले होते.

माझं काम सोपं करून सांगते. चार आकडे आणि त्यांची बेरीज अशा पाच गोष्टी पाच जणींकडे ठेवल्या, तर कोणतीही एक हरवली तरी उरलेल्या चार गोष्टींवरून ती काढता येते. माझ्या डिस्क जवळपास तसंच करतात. एकीने मान टाकली तरी काम थांबत नाही. मात्र दोन हरवल्या की गणित सुटत नाही. पहिली गेली की तिचा हिरवा दिवा पिवळा होतो. लगेच नवी डिस्क बसवा, एवढंच तो सांगत असतो.

माझ्यात परळीची लग्नं होती, सिरसाळ्याच्या बाजारावरचा माहितीपट होता, शाळांची स्नेहसंमेलनं होती. वीरेश यांनी स्वतःसाठी केलेलं कामही माझ्यातच होतं. धारूरचा किल्ला ते कित्येक वर्षं टिपत होते. धुक्यातला, उन्हातला, तटावर गवत वाळलेला. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःची एक फिल्म करायची त्यांच्या मनात होती.

दर खंडेनवमीला आमची पूजा होते. कॅमेरे आणि दिवे पाटावर मांडतात. वीरेश यांच्या आई गंगासागर ओली विभूती घेऊन प्रत्येक यंत्रावर तीन बोटांचे आडवे पट्टे ओढतात. त्यांच्या घरी एक रीत आहे. पूजेचं भस्म पुसायचं नाही, ते आपोआप झडू द्यायचं. त्या वर्षी पट्टे नेमके माझ्या पाच दिव्यांवर आले आणि वाळून घट्ट बसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझी तिसरी डिस्क गेली. मी जोरात पिपाणी वाजवली. वीरेश एका लग्नाच्या गाण्यावर काम करत होते.

“कावून कोकलतंय बे हे?” म्हणत ते वाकले. समोर बघितलं तर सगळीकडे सारखंच पांढरं. त्यांनी आवाज बंद करायचं बटण दाबलं. मी गप्प झाले. मी गप्प म्हणजे सगळं ठीक, असं त्यांना वाटलं.

दिवस गेले. हरवलेला प्रत्येक तुकडा मी उरलेल्या चौघींकडून गणित करून देत होते, म्हणून फार हळू झाले. चित्रं अडखळू लागली. “म्हातारं झालंय आता,” असं ते चहा पिताना म्हणायचे. मला वाईट वाटलं.

तेव्हाच राजनंदिनी आली. नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या सोमेश्वर सरांवर ती फिल्म करत होती. सर स्वतः जन्मापासून ऐकू न येणारे. बोंडअळी, हुरडा, पाचट, मोट अशा आपल्याकडच्या शेकडो शब्दांच्या हातांनी करायच्या खुणा त्यांनी स्वतः बसवलेल्या होत्या. आधी कुठेच नव्हत्या. वीरेश यांनी त्या सगळ्या आधीच कॅमेऱ्यात टिपून माझ्यात ठेवल्या होत्या. पुढे सरांना अर्धांगवायू झाला. उजवा हात उचलेना. त्या खुणा आता फक्त माझ्यात होत्या.

राजनंदिनीने पहिलीच क्लिप लावली आणि थांबली. “वीरेशदादा, हे रोज असंच अडखळतं?”

“लई दिवस झाले. वय झालंय त्याचं.”

“वयानं एवढं हळू होत नाही. दिवे कुठंयत याचे?”

“भस्माखाली हायत.”

तिने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. दारात गंगासागर उभ्या होत्या.

“काकू, एवढंच पुसू का? आतलं बघायचंय.”

म्हातारीने पदराचं टोक ओलं केलं, माझ्यापुढे बसली आणि स्वतःच्या हाताने पट्टे पुसले. “देवानं कुठं सांगितलंय, डोळे झाकून बस म्हणून?” ती म्हणाली.

चार हिरवे दिवे दिसले. मधला पिवळा होता.

वीरेश यांचा चेहरा उतरला. “नवी डिस्क आणतो लातूरहून. बसवली की झालं.”

“थांबा,” राजनंदिनी पडद्यावर माझा अहवाल वाचत होती. “पाचवी डिस्क पण वाचताना चुकायलीय. पाची एकाच वयाच्या हायत ना? नवी बसवली की हे आधी सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणार. त्या ताणात पाचवी गेली तर सगळंच गेलं. आधी प्रत काढू. जे लागतंय ते आधी.”

तिने एक मोकळी डिस्क बाहेरून जोडली. वीरेश यांनी माउस हातात घेतला. बाण धारूरच्या फोल्डरवर जाऊन थांबला. मला ते कळत होतं. राजनंदिनीलाही कळलं असावं.

“सगळं निघंल का?” त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही, दादा.”

बराच वेळ बाण हलला नाही. मग त्यांनी तो खाली नेला आणि सोमेश्वर सरांच्या खुणा प्रतीला लावल्या. त्यापाठोपाठ सिरसाळ्याचं एक लग्न, ज्याची कॅसेट, म्हणजे आताची पेनड्राइव्ह, अजून द्यायची होती. किल्ला शेवटी.

मित्रांनो, त्या दिवशी मी होती तेवढी ताकद लावली. एकेक खूण गणित करून काढली आणि दिली. सरांचे दोन्ही हात पूर्ण निघाले. लग्नही निघालं. किल्ल्याचा पहिला दरवाजा निघत असताना माझी पाचवी डिस्क खटखट करून थांबली. मग माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही.

वीरेश माझ्यापुढे नुसते बसून राहिले. आईने चहा आणला, तो निवून गेला.

पुढे माझ्यात पाच नव्या डिस्क बसल्या. आता राजनंदिनी ठरल्या दिवशी माझी तपासणी करते, जाळीतली धूळ काढते, मला काठोकाठ भरू देत नाही, आणि प्रत्येक नव्या कामाची दुसरी प्रत तिच्या घरी असते. गंगासागर विभूती लावतात, पण माझ्या पाठीवर.

राजनंदिनीची फिल्म शाळेत दाखवली त्या दिवशी वीरेश संध्याकाळी परत आले आणि आईला सांगू लागले, “पोरं हात वर करून बोटं हलवायलीत. त्यांच्या टाळ्या तशाच असत्यात. एक बारकं पोरगं पडद्याला चिकटून सरांच्या बोटांसारखी बोटं करायलं. सर डाव्या हातानं त्याची बोटं सरळ करायले.”

आईने विचारलं, “आन् तुझा किल्ला रे?”

“किल्ला हाय तिथंच. परत चढन मी. सरांचा हात कुठून आणला असता?”

मित्रांनो, मी यंत्र आहे, एक दिवस थकणारच. पुन्हा करता येईल असं काय आणि कधीच येणार नाही असं काय, हे मला ओळखता येत नाही. माझ्यासाठी ते सगळे आकडेच. ते तुम्हीच ओळखायचं. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि एखादं यंत्र ओरडलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी खाली वाकून त्याला काय झालंय ते बघा.