वाकड्या टाइल्स

परदेशात कामाला येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. काम टाइल्स बसवण्याचं. हाताला वळण चांगलं होतं, पण एक खोड होती. कुठेही गेला की बोटाच्या पेराने भिंत नाहीतर फरशी ठोकून बघायची. भरीव आवाज आला की मान हलवायची, पोकळ आला की तोंड उघडायचं. साइटवर सगळे त्याला ठोक्या म्हणायचे.

या खोडीपायी तीन खोल्या हातच्या गेल्या होत्या. घरमालक खोली दाखवतोय आणि हा न्हाणीघरात उकिडवा बसून सांगतोय, "ही ओळ वर्षभरात खाली येणार." घरमालकाला वाटायचं, भाडं पाडायला बघतोय.

"मुलगी बघायला जाऊन तिचे दात मोजणारा तू," मिस्त्री म्हणायचा. मिस्त्री त्याच्याच गावाकडचा, वीस वर्षं इथे मुरलेला. त्याच्याच खोलीत ठोक्या आणखी चौघांबरोबर पथारी टाकून राहत होता.

चेष्टा ठीक होती, पण दिवस थोडे उरले होते. बायकोला आणायचं तर महिनाअखेर कचेरीत स्वतंत्र खोलीचा करारनामा द्यायला हवा होता. नाही दिला तर अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून रांग, म्हणजे आणखी एक वर्ष. लग्नानंतर दोघं एकत्र राहिले होते ते जेमतेम चाळीस दिवस.

चौथी खोली मिस्त्रीनेच शोधली, बायकोचं आणि करारनाम्याचंही मालकाच्या कानावर घातलं. एका म्हाताऱ्याचं घर, वरची खोली भाड्याने, स्वयंपाकघर खाली, दोघांत एक. दाराशी मिस्त्रीने बजावलं, "हात खिशातून काढलेस तर याद राख."

ठोक्याने हात खिशात कोंबले. खोली लहान होती, पण खिडकीतलं ऊन थेट पलंगावर येत होतं. मग म्हाताऱ्याने स्वयंपाकघर दाखवलं. ओट्यामागच्या भिंतीवर निळ्या फुलांच्या टाइल्स, चार ओळी, एकही धड सरळ नाही. हात खिशातून कधी बाहेर आला ते त्यालाही कळलं नाही. टक, टक. पोकळ.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

"आजोबा, या पडणार," ठोक्या म्हणाला. "खालीच शेगडी आहे. एखादी हातावर पडली तर भाजाल."

म्हातारा रागावला नाही. भिंतीकडे बघत राहिला. "नव्या नकोत मला."

"नव्या नाही, याच काढून परत बसवतो. रविवारी येतो, पैसे नकोत. खोली द्या नाहीतर नका देऊ."

"ये रविवारी. खोलीचं मग बघू."

रविवारी त्याने एकही टाइल फुटू दिली नाही. एकेक पातळ पात्याने सोडवली, मागचा जुना सिमेंटचा माल खरवडला, पाठीवर खडूने आकडा घातला. दुपारपर्यंत भिंत पुरी झाली. ओळी दोरीत, कडा ओळंब्यात, सांधे एकसारखे. मिस्त्रीने पाहिली असती तर त्यालाही नाव ठेवायला जागा सापडली नसती.

म्हाताऱ्याने येऊन चष्मा पुसला, भिंत पाहिली. "छान झालंय," म्हणाला आणि परसात जाऊन पायरीवर बसला.

ते 'छान' ठोक्याला बरं वाटेना. तो मागोमाग गेला. "काही चुकलं का, आजोबा?"

"नाही रे. चुका होत्या त्या तू काढल्यास." म्हातारा म्हणाला, "हिने लावल्या होत्या. मी कामावरून येईपर्यंत भिंत तयार. एक फूल उलटं लागलं होतं. मी दाखवलं तर म्हणाली, तूच उलटा उभा आहेस. शेवटपर्यंत कबूल केलं नाही. गेल्या वर्षी गेली."

ठोक्या उठला. माल अजून ओला होता, तासाभरात घट्ट धरला असता.

"आत चला, आजोबा. खुर्ची घ्या. कुठली कशी होती ते सांगा."

त्याने सगळ्या उतरवल्या. हाताला सरळच लावायची सवय, वाकडं काही केल्या जमेना.

"अजून खाली," म्हातारा सांगायचा. "डावा कोपरा वर. एवढा नाही. हिचा हात एवढाही वाईट नव्हता."

"असा?"

"हां. तसा."

उलट्या फुलापाशी म्हातारा खुर्चीवरून उठला आणि ती टाइल त्याने स्वतः लावली. बराच वेळ तळवा तिच्यावर दाबून धरला. ठोक्या बाजूला उभा राहिला, घाई केली नाही.

हात धुऊन झाल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, "करारनामा आणलायस?"

आठवडाभर तो पिशवीतच होता. म्हाताऱ्याने ओट्यावरच सही केली.

"भिंतीत खिळा ठोकायचा असला तर आधी विचारायचं."

"विचारीन, आजोबा."

"तू नको. बायको आली की तिला विचारू दे. तू विचारलंस तर मी नाही म्हणेन."

बसस्टॉपवर येऊन त्याने बायकोला फोन लावला. सही झाली म्हटल्यावर तिने नाक ओढलं. मग विचारलं, "स्वयंपाकघर कसंय?"

"चांगलंय. टाइल्स वाकड्या आहेत."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"अगं, मीच लावल्यात. एक तर उलटी आहे."



"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जेवताय ना नीट तिकडे?"