जप्तीची संत्री

गोराताला मागणी घालायची तर आधी तिच्या मामांसमोर उभं राहावं लागणार, हे मोदिरीला ठाऊक होतं. पंचावन्नाव्या वर्षी, डोक्यावर मोजकेच केस उरलेले असताना उभं राहावं लागेल, एवढंच ठाऊक नव्हतं. गोराता सेरोवे गावातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. उभ्या शाळेला तिचा धाक, पण लग्नाच्या बाबतीत तिचंही मामांपुढे चालत नसे. आईचा भाऊ हो म्हणाल्याशिवाय बैल कापला जात नाही, आणि कापलाच तर त्याचं डोकं मामाच्या ताटात जातं, ही त्यांच्याकडची रीत.

मामा, म्हणजे केबोनांग, न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते. निदान सरकारची तशी समजूत होती. मोदिरीचा अर्ज त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "दिवाणखान्यात सगळेच सज्जन असतात. माणूस बघायचा तर वाळूत गाडी रुतल्यावर बघावा."

म्हणून मोदिरीने जीप भाड्याने घेतली. टपावर उलगडणारा तंबू, मागे शिध्याची पेटी, दोन जादा चाकं, पाण्याच्या टाक्या. माऊन गाव सोडून तिघे ख्वाईमार्गे सावुतीच्या जंगलाकडे निघाले. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मी गुरांच्या वाड्यावर लहानाचा मोठा झालो. जमिनीवर फुकट झोपायचो. आता त्याला पैसे पडतात वाटतं?"

"मामा, तुम्ही टपावर झोपायचंय," गोराता म्हणाली.

"म्हणजे जमिनीचे पैसे भरून जमीनसुद्धा नाही!"

जंगलाच्या फाटकावर बोनोलो नावाच्या पहारेकरीण बाईंनी विचारलं, "संत्री, मोसंबी, लिंबं काही आहे का? हत्तींना चटक लागलीय. वासावर गाड्या फोडतात."

"एक फोडसुद्धा नाही," मोदिरीने छातीठोकपणे सांगितलं. मामा त्या वेळी खिडकीतून एका धनेश पक्ष्याकडे बघत होते. इतकं लक्ष त्यांनी आयुष्यात कुठल्या वकिलाकडे दिलं नसेल.

गाडी रुतायची तिथे रुतली. सुनावणी सुरू झाल्यासारखी मामांनी झाडाखाली घडीची खुर्ची मांडली. मोदिरीने चाकांतली हवा सोडली, फावड्याने वाळू उपसली, फांद्या अंथरल्या, आणि घामाने निथळत गोराताला खूण केली. तिने गाडी एका दमात बाहेर काढली. मामांनी पसंतीची मान हलवली. कोणासाठी ते कळायला मार्ग नव्हता.

मुक्कामाची व्यवस्थाही मामांनीच लावली. गाडीच्या एका बाजूला गोराताचा तंबू, दुसऱ्या बाजूला मोदिरीचा, आणि मध्ये टपावर, सरहद्दीवरच्या चौकीसारखे, स्वतः मामा. लग्नाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. मोदिरीने खाकरून सुरुवात केली की ते म्हणत, "कामकाज चालू आहे."

परतीच्या दिवशी सकाळी मोदिरी चुलीपाशी ज्वारीची आंबील ढवळत होता. गोराता न्हाणीघराकडे गेली होती. सावुतीतल्या न्हाणीघराला हत्तींच्या भयाने किल्ल्यासारखी भिंत आहे, आणि ती का आहे हे मोदिरीला त्याच क्षणी दिसलं. झाडीतून एक थोराड नर हत्ती आला. चुलीकडे आणि मोदिरीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गाडीपाशी गेला आणि सोंडेने मागच्या दाराच्या फटी हुंगू लागला.

मोदिरीने एका हातात झाकण घेतलं, दुसऱ्या हातात डाव.

"खबरदार!" टपावरून आवाज आला. तंबूच्या झडपेतून पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले मामा डोकावत होते. "भाऊबंदाला भांडी वाजवून हाकलतोस?"

मामांच्या कुळाचं देवक हत्ती. त्यांच्या घरात हत्तीचं नाव आदराने घेतात, मांस वर्ज्य, त्याला दगड मारणं म्हणजे चुलत्याला मारणं.

"मोदिरी, वाजव!" भिंतीआडून गोराता ओरडली.

"वाजवू नकोस!" मामा गरजले.

मोदिरी झाकण उगारून उभा राहिला. वाजवावं तर हत्ती कदाचित जाईल, मामा नक्की जातील, आणि त्यांच्याबरोबर लग्नही. न वाजवावं तर मुख्याध्यापिका बघत होत्या.

एवढ्यात मामा उठून बसले आणि त्यांनी कुळाची स्तुती सुरू केली. धरणी हादरवणाऱ्या, नद्या एका घोटात पिणाऱ्या, अशा चढत्या स्वरात. हत्तीने ऐकून घेतलं आणि गाडीला खांदा लावला. गाडी कलली. स्तुतीचा वेग वाढला. "अरे थोरल्या, मी केबोनांग, तुझ्याच रक्ताचा..." गाडी आणखी कलली. "...अरे ए, ऐकू येत नाही का तुला!"

मोदिरीने झाकण टाकलं आणि गाडीच्या पुढच्या बाजूला धावला. "मामा, काचेवरून घसरा! माझ्या पाठीवर!"

"हे काय, पोतं आहे का मी?"

"घसरा हो!"

मामा घसरले. तोवर मोदिरीला वाटत होतं की मामांचं वजन फक्त नातेवाइकांत आहे. त्यांना पाठुंगळीला घेऊन तो न्हाणीघराकडे पळाला, आणि मामा त्याच्या कानाशी बजावत होते, "पळू नकोस, आदराने चाल!"

मागे काच फुटली. तिघांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. हत्तीने मामांच्या बैठकीखालून हिरवी पिशवी अलगद ओढली आणि पाहुण्याने खावीत तशी सावकाश संत्री खाल्ली. मग पिशवीही खाल्ली, आणि आल्या वाटेने निघून गेला.

"मामा, ती पिशवी..." गोराता म्हणाली.

"पुरावा अजून दाखल झालेला नाही."

काचेचा आवाज ऐकून बोनोलोबाई आपल्या गाडीतून आल्या. वाळूत सांडलेला संत्र्यांचा रस, हवेत वास. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "कोणी आणली?"

मामांचा चेहरा पहिल्यांदाच आरोपीसारखा दिसत होता. जन्मभर दुसऱ्यांना शिक्षा सुनावलेला माणूस, तोही पायजम्यात.

"मी," मोदिरी म्हणाला.

मोदिरी विमा कंपनीत फुटलेल्या गाड्या तपासायचा. गाडी कशी फुटली यावर लोक काय काय थापा मारतात, हे ऐकण्यातच त्याची हयात गेली होती. त्याला वाटलं, आपल्याला एक तरी जमेल.

"कुठून आणली?"

"बाजारातून."

"कुठल्या?"

"संत्र्यांच्या."

"आणि फाटकावर 'नाही' का म्हणालात?"

"तेव्हा... ती लहान होती."

गोराताने तोंडावर टॉवेल धरला. मामांना मात्र राहवेना. "बाई, हा साक्षीदार धडधडीत खोटं बोलतोय. आणि इतकं भिकार खोटं मी उभ्या कारकिर्दीत ऐकलं नाही. संत्री माझी. दंड माझ्या नावावर लिहा."

"रा, तुम्ही? नियम माहीत असून?" बोनोलोबाईंनी 'रा' असं मानाने म्हटलं, पण मानही जरा सैल पडला होता.

"नियम परक्यांसाठी. भाऊबंद आपल्याच घरात चोरी करेल असं वाटलं नव्हतं." मामांनी पायजम्याची नाडी घट्ट केली आणि गोराताकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईने लावलेल्या झाडाची होती. शेवटच्या दिवशी तोंड गोड करायला काही तरी नको का?"

गोराताने टॉवेल खाली घेतला. "तोंड गोड? म्हणजे निघतानाच तुमचं ठरलं होतं?"

"निकाल आधीच लिहिलेला असतो. वाचायचा असतो सुनावणी संपल्यावर."

"आणि आम्ही तुमच्यापायी वाळू उपसली!"

"तू नाही, त्याने उपसली. तू नुसती गाडी काढलीस."

मोदिरी पुढे सरसावला. "मग वाचा ना, मामा," तो म्हणाला.

मामांनी घसा साफ केला. "हा माणूस कामाला बरा आहे. म्हाताऱ्याला पाठीवर घेतो, पण हलवतो फार. थापा मारणं त्याला या जन्मी जमणार नाही, तेव्हा माझ्या भाचीला फसवण्याची भीती नाही. मागणी मंजूर. बैलाचं डोकं माझं. डोळ्यांसकट."

गोराताने मोदिरीला अशी मिठी मारली की आंबिलीचा डाव दोघांच्या मध्ये सापडला. आंबील तर कधीच करपली होती. मामांनी दोघांना मुळीच वेगळं केलं नाही, फक्त धनेश शोधायला तोंड फिरवलं.

बोनोलोबाई काचांमधून फिरत होत्या. पुढच्या बैठकीखाली हात घालून त्यांनी एक संत्रं बाहेर काढलं. हत्तीच्या नजरेतून सुटलेलं, गोल, पिवळंजर्द.

"हे जप्त," त्या म्हणाल्या.

"रास्त आहे," मामा म्हणाले.

"आणि जप्त केलेलं फळ जागच्या जागी नष्ट करायचं, असा नियम आहे." त्यांनी जीपच्या बॉनेटला टेकून संत्रं सोललं आणि चौघांत वाटलं. पहिली फोड गोराताला, मग मोदिरीला. मामांनी आपली फोड तोंडात टाकण्याआधी झाडीकडे पाहून जरा मान झुकवली. वधूपक्षाचा थोरला पाहुणा आधीच जेवून गेला होता, त्याचा राग धरण्यात अर्थ नव्हता.

"आंबट आहे," बोनोलोबाई म्हणाल्या.

"बाई," मामा म्हणाले, "या निकालावर अपील नाही."