हात वर कर

त्या दुपारी एक मुलगी चार झगे घेऊन दुकानात शिरली, तेव्हा आई चहात बिस्कीट बुडवत होती आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होते. आमची वाटणी माझ्या लहानपणापासून अशीच: उसवणं माझं, शिवणं तिचं. पोटापाण्यासाठी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या चुका निस्तरायच्या आणि आपलं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, हा धंदा आपल्या घराण्यातच आहे, असं आई म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मात्र मी दुरुस्तीच्या दुकानात तिच्याजवळ असे.

मुलीनं झगे काउंटरवर ठेवले. "ताईच्या लग्नात आम्ही चौघी करवल्या आहोत. मी आणि तीन चुलतबहिणी. झगे आईनं शिवलेत. म्हणजे... तुम्हीच बघा."

"गेलं," आई म्हणाली. ती बिस्किटाबद्दल बोलत होती. "लग्नाचं काम आलं की माझं बिस्कीट बुडतंच."

तिनं हात पुसले आणि वरचा झगा उलटा केला. ती कुठलाही कपडा आधी आतून बघायची. फिकट हिरवं सॅटिन, गळ्याभोवती हातानं काढलेली बारीक पांढरी फुलं. आत मात्र शिवणी चुण्या पडून आखडलेल्या, अस्तर एका बाजूला खेचलेलं.

"घालून ये."

करवली पडद्यामागून झगा घालून आली.

"हात वर कर," आई म्हणाली. ही तिची परीक्षा प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यावी लागे, मग ते साहेब का असेनात. "वरच्या फळीवरचा डबा काढतेयस असं समज."

मुलीचे हात खांद्यापर्यंत आले आणि अडले. हातांबरोबर सगळा झगाच वर निघाला आणि बगलेत एक टाका तटकन तुटला.

"चौघींत मलाच त्यातल्या त्यात बरा होतो," ती म्हणाली. "एकीच्या डोक्यातूनच जात नाही. एकीला श्वास घेता येत नाही."

"लग्नात श्वास कशाला हवाय," कोपऱ्यातून काजमावशी म्हणाली. काजमावशी आमची नात्यातली कुणी नव्हे. आईच्या दुकानाचा एक कोपरा धरून ती वर्षानुवर्षं फक्त काजं करत आली होती, आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा बारीक होती.

आईनं चारही झगे एकावर एक पसरले, कडा जुळवून पाहिल्या आणि म्हणाली, "तुझी ताई तुझ्याहून बारीक आहे. खांदे जरासे पुढे झुकलेले. होय ना?"

"तुम्ही ओळखता तिला?"

"नाही. पण हे चारही तिच्याच मापाचे आहेत. तुझ्या आईचा हात एकाच पोरीच्या मापावर बसलाय."

मुलीनं झग्याचा खांदा चाचपला. मग हसली. "नवे कपडे नेहमी ताईलाच शिवायची. मला तिचे जुने मिळायचे." आणि मग मुद्द्याचं बोलली: "काकू, आईला कळता कामा नये. डोळ्यांना ताण नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी तिनं हट्टानं शिवले. झगे इस्त्रीला दिलेत असं सांगून आणलेत मी. बिघडले होते हे कळलं तर ती ताईच्या लग्नात तोंड लपवून बसेल."

"नाही कळणार," आई म्हणाली. "ह्या फुलांना मी सुईसुद्धा लावणार नाही. तो तिचा हात आहे. बाकीचं आतल्या आत."

मापं घेऊन तिनं मुलीला पाठवून दिलं आणि मला कामाला लावलं. मी उसवलं, तिनं शिवलं. खालची दुमड चांगली रुंद होती. त्यातलं कापड काढून तिनं बगलेत चौबगला बसवला. चौबगला म्हणजे बाही आणि अंग मिळतात तिथे घातलेला छोटा चौकोन, हाताला हलायला जागा देणारा. दिवेलागणीपर्यंत करवलीचा झगा पुरा झाला. आईनं तो खांद्यांत धरून माझ्यासमोर नाचवला.

"कसा झालाय?"

"चालेल," मी म्हणाले.

आमच्या दुकानाचा नियमच होता तो. कपडा दुकानात असेपर्यंत त्याला चांगलं म्हणायचं नाही, म्हटलं की टाका सुटतो. अंगावर चढून दाराबाहेर गेला की मग काय ती स्तुती करा. पण दाराबाहेर गेलेला कपडा पुन्हा दिसतो कुठे? त्यामुळे आमच्याकडे सगळं कौतुक 'चालेल' ह्या एका शब्दात बसवावं लागे, आणि तेही बसत असे. नुसतं 'चालेल' म्हणजे बरं आहे. मान हलवून म्हटलेलं 'चालेल' म्हणजे याहून चांगलं कुणाला जमणार नाही. त्या संध्याकाळी मी मान हलवली होती. आई खूश झाली आणि नवं बिस्कीट काढून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले.

माणसं आली, बसली, गेली. मी दुकान उघडलं ते लोकांचे कपडे परत करायला. करवली आली ती दारातच उभी राहिली.

"मी झगे तसेच घेऊन जाते," ती म्हणाली. "आम्ही दुसरं काहीतरी घालू. आईला सांगेन काहीतरी."

"होतील," मी म्हणाले.

ती गेल्यावर काजमावशीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण करणार? मला काजापलीकडे काही येत नाही आणि तुला उसवण्यापलीकडे."

"बघते."

"बघून शिवण आली असती तर शिंप्याची मांजरंही शिंपी झाली असती."

तिचं खरं होतं. मी जुन्या अस्तराच्या कापडावर चौबगला बसवून पाहिला. तो चुण्या पडून बसला. दुसरा बसवला, त्याचा कोपरा जरा ओढताच सुटला. आईनं पुरा केलेला झगा समोर खुंटीवर टांगलेला होता. बाहेरून त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच तर तिचं काम होतं. अस्तरही तिनं असं बंद केलं होतं की आत शिरायला वाट नाही. कसं केलंय ते कळायला एकच मार्ग होता. एक बगल उसवायची.

मी उसवायची सुरी हातात घेतली आणि ठेवली. आयुष्यभर मी उसवत आले होते, पण दुसऱ्यांचं. आईचे टाके मी कधी उसवले नव्हते, आणि हे तिचे शेवटचे होते.

काजमावशी काम थांबवून बघत होती. या वेळी ती चेष्टा करत नव्हती. "खुंटीवर ठेवून काय करणार आहेस? पूजा? तो त्या पोरीचा आहे. आणि बाकीच्या तिघी काय अंगाला फडकी गुंडाळून जाणार?" मग जरा थांबून म्हणाली, "एकच उसव. डावी राहू दे तिची."

मी उजवी उसवली. एकेक टाका, सावकाश, धागा न तोडता.

आत सगळं सांगून ठेवल्यासारखं होतं. चौकोन सरळ धाग्यावर कापलेला नव्हता. तो उरेब, म्हणजे तिरका होता, म्हणून ओढला की लवत होता. आणि ज्या टोकाशी माझा तुकडा सुटत होता, तिथे तिनं आतून नखाएवढी पातळ पट्टी ठेवली होती आणि तिच्यावरून बारीक टाके घातले होते. कुणालाही कधीही न दिसणाऱ्या जागी. मी छापखान्यात फार सुंदर वाक्यं तपासली आहेत, काही तर पाठ आहेत. पण इतकं नेमकं, इतकं कमी आणि इतकं पुरेसं काम मी कागदावर क्वचितच पाहिलंय. मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ बसले. अभिमानानं माझी मान ताठ झाली होती. रडू येत होतं, पण त्याआधी मान ताठ झाली होती.

मग मी शिवायला घेतलं. शिवलं आणि उसवलं. पुन्हा शिवलं. "चालेल?" मी विचारायची, आणि काजमावशी म्हणायची, "रांगायचंसुद्धा नाही." शेवटी एकदा तिनं शिवण नखानं घासून पाहिली, कोपरा ओढून पाहिला, नाक उडवलं आणि मान हलवून म्हणाली, "चालेल."

त्यानंतर बाकीचे तीन झाले. तिघी दुकानात आल्या, एका रांगेत उभ्या राहिल्या आणि मी म्हणाले, "हात वर करा." सहा हात वर गेले आणि झगे जागच्या जागी राहिले.

"श्वास येतोय का?" काजमावशीनं एकीला विचारलं.

"येतोय."

"मग जपून वापर. जेवणात लागेल."

लग्नाच्या सकाळी झगे मी स्वतः घेऊन गेले, सोबत इस्त्रीही नेली. थाप मारलीच होती तर पुरी निभवायला हवी. सभागृहाच्या मागच्या छोट्या खोलीत मी शेवटच्या घड्या मोडत होते, तेवढ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई आत आल्या. नवरीची आई. त्यांनी झगा डोळ्यांजवळ धरला, फुलांवरून बोट फिरवलं, मग शिवणीवरून, मग बगलेवरून. मी इस्त्री उभी करून ठेवली.

"मी शिवलेत," त्या म्हणाल्या.

"हो. कळलं मला."

"शिवताना वाटत होतं, बिघडले. एकदा तर उठून फेकून द्यावेसे वाटले." त्यांनी झगा पुन्हा टांगला. "उगाच घाबरले. तुम्ही फक्त इस्त्रीच करता का? शिवण शिका. वाटतं तितकं अवघड नाही."

"शिकतेय," मी म्हणाले.

थोड्या वेळानं चौघी झगे घालून दालनात उभ्या होत्या. मी जायला निघाले होते, तोच दारावरच्या कागदी फुलांच्या माळेचं एक टोक सुटून खाली आलं. शिडी आणा, स्टूल आणा अशी हाकाटी झाली. कुणी काही आणण्याआधी करवली पुढे आली, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हात थेट वर नेऊन तिनं माळ बांधायला घेतली. गाठ बसेना. ती बराच वेळ तशीच उभी होती. झगा तिच्याबरोबर वर निघाला नाही, कुठे आखडला नाही. मी तिच्या मागे उभी राहून दोन्ही बगला पाहिल्या. एक आईची होती, एक माझी. कुठली कुणाची ते मला माहीत होतं, पण नुसतं बघून सांगता आलं नसतं.

"कसे झालेत?" शेजारी नवरीची आई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चालेल," मी मान हलवून म्हणाले. तोंडाला सवय.

"चालेल? अहो, लोक थांबून बघतायत. इस्त्रीवालीचा तोरा बघा." आणि त्या हसत माणसांत गेल्या, गळ्यावरची फुलं कुणाकुणाला दाखवत.

मी मागच्या खोलीत परत आले. इस्त्री अजून गरम होती. हँगर रिकामे होते. कपडे अंगावर चढून दाराबाहेर गेले होते, आता टाका सुटायची भीती नव्हती.

"सुंदर झालेत, आई," मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं. "फार सुंदर."